रामेश्वरहून तांबरम, तांबरमहून नागपूर: एका यात्रा आयोजकाच्या सेवेबद्दल

तूर निघाली आणि कापसाची शेवटची वेचणी आटोपली, की यवतमाळ जिल्ह्यातील गावागावांत दक्षिण यात्रेची पत्रके फिरू लागतात. आमच्या तालुक्यातील अशाच एका आयोजकाच्या यात्रेत यंदा गावातील ज्येष्ठ मंडळींबरोबर मीही होतो. जाताना सारा प्रवास रेल्वे आणि बसने करायचा, आणि परतताना रामेश्वर बेटावरून रात्रभराच्या रेल्वेने चेन्नई गाठून तेथून विमानाने नागपूरला यायचे, अशी त्याची आखणी आहे. पत्रकात सर्वांत ठळक अक्षरांत छापलेले असते ते विमान, आणि बहुतेक मंडळी पैसे भरतात तेही त्या विमानाकडे पाहूनच. दर्शन, मुक्काम आणि जेवण यांबाबत मला फारशी तक्रार नाही. सोबत आणलेल्या स्वयंपाक्याने इडली-सांबाराला कंटाळलेल्या लोकांना रामेश्वरातही झुणका आणि पोळी खाऊ घातली, याबद्दल आयोजकाला पूर्ण गुण द्यायला हवेत. प्रश्न आहे तो बेटावरून निघाल्यापासून विमानात बसेपर्यंतच्या टप्प्याचा, कारण या सेवेतील सर्वांत चांगला निर्णय आणि सर्वांत वाईट निर्णय हे दोन्ही त्याच टप्प्यात घेतलेले आहेत.

रामेश्वर ज्या पांबन बेटावर आहे, तेथे विमानतळ नाही. सर्वांत जवळचा सोयीचा विमानतळ मदुराईचा, आणि तोही सुमारे 170 किलोमीटरवर आहे. काही आयोजक तेथवर बसने नेतात आणि वाटेत विमान बदलून नागपूरला आणतात. पहिल्यांदाच विमानात बसणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या माणसांना दोनदा विमानात चढवण्या-उतरवण्यापेक्षा एक रात्र रेल्वेत झोपवून चेन्नईला नेणे आणि तेथून थेट विमानाने आणणे कितीतरी सुखाचे आहे. आमच्या आयोजकाने हा मार्ग निवडला, आणि त्यातही दुपारी निघणारी पांबन एक्स्प्रेस निवडली, हे त्याचे शहाणपण म्हणावे लागेल. अंधार पडल्यावर सुटणाऱ्या गाडीने गेलो असतो, तर ज्या पुलासाठी माणसे आयुष्यभर हा प्रवास मनात धरून असतात, तो पूल दिसलाच नसता.

हा पूल आता नवा आहे. 1914 साली सुरू झालेल्या जुन्या पुलावरील वाहतूक डिसेंबर 2022 मध्ये सुरक्षेच्या कारणास्तव बंद झाली होती, आणि 6 एप्रिल 2025 रोजी, रामनवमीच्या दिवशी, नव्या पुलाचे उद्घाटन होईपर्यंत रेल्वेगाडी बेटावर येतच नव्हती. त्या काळात यात्रा केलेली माणसे मुख्य भूमीवरील मंडपमपासून पुढे रस्त्याच्या पुलाने गेल्याचे सांगतात, ते त्यामुळेच. नवा पूल दोन किलोमीटरहून थोडा अधिक लांब आहे, आणि जहाजांना वाट देण्यासाठी त्याचा 72.5 मीटर लांबीचा गाळा सरळ वर उचलला जातो. जुन्या पुलाचे दोन पंख मधोमध उघडून वर होत असत. त्याचे लोखंडी सांगाडे नव्या पुलाच्या बाजूला उभे असलेले आम्हाला खिडकीतून दिसले. जुन्या पुलावरून गाडी अक्षरशः चालत्या माणसाच्या वेगाने सरकत असे, असे पूर्वी येऊन गेलेले सांगतात. आता ती बऱ्यापैकी वेगाने जाते, त्यामुळे खिडकी आधीच धरून ठेवावी लागते. दोन्ही बाजूंना समुद्र पाहून आमच्या डब्यातील एका आजीबाईंनी हात जोडले आणि विचारले, "भाऊ, हे पाणी सरन तवा गाडी थांबन काय?" पाणी सरले, पण गाडी थांबली नाही, आणि त्या पुढे बराच वेळ खिडकीशीच बसून होत्या.

मंडपमनंतर मात्र पाहण्यासारखे फार थोडे उरते. रामनाथपुरम आणि शिवगंगेचा कोरडा, बाभळींनी भरलेला मुलूख संपेपर्यंत अंधार पडतो, आणि तिरुवारूर, मयिलाडुतुरै, चिदंबरम, विलुप्पुरम ही नावे झोपेतच निघून जातात. गाडी पहाटेपूर्वीच्या काळोखात चेन्नईच्या तांबरम या उपनगरात पोहोचते आणि तेथेच तिचा प्रवास संपतो.

झोपेचा विषय निघाला आहे, तर आयोजकाची पहिली चूक येथेच नोंदवतो. सत्तरी ओलांडलेल्या कित्येकांना मधले आणि वरचे बर्थ मिळाले, तेही वेगवेगळ्या डब्यांत. आयोजकाने याचे खापर रेल्वेवर फोडले, पण खरे कारण त्याच्या आरक्षणाच्या पद्धतीत आहे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा जो वेगळा कोटा असतो, तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच लागू होतो. आयोजकाने आपली सोय पाहून सहा-सहा जणांची तिकिटे काढली आणि तो कोटा हातचा घालवला. नवरा-बायकोचे तिकीट वेगळे काढले असते, तर निदान काही जोडप्यांना खालचे बर्थ मिळण्याची चांगली शक्यता होती. काम थोडे वाढते, हे खरे. पण सेवाशुल्क त्याच कामाचे घेतले जाते.

दुसरी चूक अधिक मोठी, आणि ती टाळणे अधिक सोपे होते. चेन्नईचा विमानतळ मीनंबाक्कम-तिरुसुलम भागात, म्हणजे शहराच्या दक्षिण टोकाकडे आहे, आणि तांबरमही त्याच बाजूला आहे. तांबरमहून चेन्नई बीच स्थानकाकडे जाणारी लोकल सॅनेटोरियम, क्रोमपेट, पल्लावरम एवढे थांबे घेऊन तिरुसुलमला येते, आणि तिरुसुलम स्थानकासमोरचा मोठा रस्ता ओलांडला की विमानतळ येतो. सामान जास्त असेल तर टॅक्सीलाही अंतर फार नाही. असे असताना आयोजकाने आंघोळ आणि नाश्त्यासाठी खोल्या घेतल्या होत्या त्या एग्मोरला, म्हणजे विमानतळ ओलांडून शहराच्या आत! झोपेतून उठवलेल्या मंडळींना बसमध्ये भरून पंचवीसेक किलोमीटर आत नेले, तेथे आंघोळी उरकेपर्यंत दिवस वर आला, आणि मग सकाळच्या ऐन गर्दीत त्याच रस्त्याचा बराचसा भाग उलटा तुडवावा लागला. मरीना किनारा दाखवण्याचे आश्वासन पत्रकात होते, आणि एग्मोरची निवड त्यासाठीच केली असे सांगण्यात आले. परंतु वेळ उरला नाही, तेव्हा समुद्र बसच्या खिडकीतूनही दिसला नाही. आदल्या दुपारी दोन्ही बाजूंनी समुद्र पाहिलेल्या माणसांना त्याचे दुःख झाले नाही, ही गोष्ट वेगळी. याच खोल्या तांबरममध्ये घेतल्या असत्या, तर मंडळींना निवांत झोप मिळाली असती आणि बसचे भाडेही वाचले असते.

स्वतःच्या जबाबदारीने हा प्रवास करणाऱ्यांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की रामेश्वरहून येणारी गाडी पुढे एग्मोरपर्यंत जाणारी असली, तरी विमान पकडायचे असल्यास तांबरमलाच उतरणे हिताचे आहे. एग्मोरला उतरल्यास मेट्रो आहे, पण तिकडून विमानतळावर जाताना आलंदूरला गाडी बदलावी लागू शकते, आणि सोबत म्हातारी माणसे व गाठोडी असतील तर ते जिकिरीचे होते.

गाठोड्यांबद्दल आयोजकाने आधी काहीच सांगितले नव्हते, आणि ही माझी तिसरी तक्रार. रामेश्वरची वाळू प्रयागला नेऊन गंगेत सोडायची, या परंपरेमुळे जवळजवळ प्रत्येकाने वाळू बांधून घेतली होती. मंदिरातील बावीस तीर्थांवर भिजलेली लुगडी आणि धोतरे नीट वाळलेली नव्हती. शिवाय शंख, तीर्थाच्या बाटल्या आणि नातवंडांची खेळणी होतीच. विमानात सोपवायच्या सामानाची मर्यादा आमच्या तिकिटावर माणशी 15 किलो होती, आणि हे कळले ते थेट वजनकाट्यापाशी. तेथे पिशव्या उघडून वाळू एकाच्या सामानातून दुसऱ्याच्या सामानात हलवण्याचा जो प्रकार चालला, तो मागे ताटकळलेल्या प्रवाशांनी बराच संयम ठेवून सहन केला. मोबाईलची पॉवर बँक सोपवायच्या सामानात चालत नाही, ती हातातील पिशवीत ठेवावी लागते, आणि पूजेच्या पिशवीतील काडेपेटी कुठेच चालत नाही, या गोष्टी रामेश्वरच्या धर्मशाळेतच पाच मिनिटांत सांगता आल्या असत्या.

चाकाच्या खुर्च्यांची मागणी मात्र आयोजकाने वेळेवर नोंदवलेली होती, आणि विमानतळावर ती सोय चोख मिळाली. आधार कार्डावरील आणि तिकिटावरील नावे जुळतात की नाही, हेही त्याच्या माणसाने गावातच एकेक करून तपासले होते. आमच्याकडे एकाच बाईचे नाव कागदोपत्री तीन तऱ्हांनी लिहिलेले असते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचे मोल कळेल.

विमान थेट होते आणि दीड तासाच्या आसपास नागपूरला उतरले. आयोजकाची जबाबदारी तेथेच संपते, असे पत्रकात बारीक अक्षरांत लिहिले आहे. नागपूरहून यवतमाळ दीडशे किलोमीटरच्या घरात, आणि गाव त्याहून पुढे; त्यामुळे गावातील पोरांनी गाडी आणली नसती, तर गणेशपेठेच्या बसस्थानकावर एसटीची वाट पाहणे नशिबी आले असते. वर्धा किंवा चंद्रपूर जिल्ह्यातील यात्रेकरूंनी तर विमानाचा मोह सोडून चेन्नईहून ग्रँड ट्रंक एक्स्प्रेसने परतण्याचा विचार करावा, कारण ती चंद्रपूरला आणि सेवाग्रामला थांबते आणि वाळू तोलत नाही.

एकूण रकमेत विमानाचे भाडे किती, खोल्यांचे किती आणि सेवाशुल्क किती, हे पावतीवर वेगळे दाखवलेले नव्हते. मागितल्यावर आयोजकाने तोंडी हिशेब दिला, आणि एग्मोरऐवजी तांबरमला खोल्या घेण्याची सूचनाही मान्य केली. त्याच्या नव्या पत्रकात मात्र चेन्नईचा मुक्काम एग्मोरचाच छापलेला आहे, तेव्हा पुढच्या तुकडीत नाव नोंदवणाऱ्यांनी मुक्कामाचे ठिकाण, बर्थची पद्धत आणि विमानभाडे या तीन गोष्टी पैसे देण्यापूर्वी पावतीवर लिहून घ्याव्यात.