पिकअपला जादा पाटे घरीच बसवणार असाल तर हे आधी वाचा

गाडी माझी स्वतःची, बोलेरो पिकअप, १.३ टनवाली. निफाड तालुक्यात भाडी मारतो, ऑगस्टपासून दिवाळीच्या पुढेपर्यंत टोमॅटो, मग द्राक्ष, मधल्या काळात कांदा, खत, जे मिळेल ते. लिहायला बसलोय कारण गेल्या सीझनला मला जे पाटे (मागच्या ॲक्सलवर गाडी तोलून धरणाऱ्या स्टीलच्या वाकड्या पट्ट्या) गळ्यात मारले ते अजून विकले जातायत, तोच व्हिडिओ, तीच गाडी, तोच आवाज, आणि खाली आपल्याच भागातली पोरं रेट विचारतायत.

मी पाटे का शोधत होतो ते आधी सांगतो. टोमॅटोचं कॅरेट २० किलोचं. १,३०० किलो म्हणजे ६५ कॅरेट, आणि रिकाम्या कॅरेटचं वजन धरलं तर साठच्या आसपासच. पण पिंपळगावच्या मार्केटला रांगेत उभं राहिलं की आजूबाजूच्या गाड्यांवर ८०-९० कॅरेटच्या थप्प्या दिसतात, शेतकरी पण म्हणतो एका खेपेत ने बाबा, दोन भाडी परवडत नाहीत. मी पण ७५-८० भरत होतो, लपवत नाही. गाडी मागून बसायची, खड्डा आला की रबर बफरवर धाडकन आदळायची. मग डोक्यात घेतलं की मागे जादा पाटे टाकायचे.

नाशिकला कमान-पाट्याचं काम करणारे जुने मिस्त्री आहेत, त्यातल्या एका चाचांना विचारलं तर मजुरीसकट ११ हजार म्हणाले आणि वर हे पण म्हणाले की गरज नाही, माल कमी भर. मला ते पटलं नाही. तेवढ्यात मोबाईलवर तो व्हिडिओ आला. पिकअपमध्ये सिमेंटच्या गोण्या रचलेल्या, गाडी जराही बसलेली नाही, आणि माणूस सांगतोय ‘हेल्पर पाटा किट’, दोन्ही बाजूचे दोन-दोन पाटे, यू बोल्ट (पाटे ॲक्सलला आवळून धरणारे), सेंटर बोल्ट (मधल्या भोकातून सगळे पाटे एकत्र धरणारा), सगळं एकत्र ६,८०० ला, घरीच दोन तासांत बसवा. मी गाडीची बरीच कामं स्वतःच करतो, हौद्यात रबर मॅट मीच टाकलं, फाळक्याच्या वरची जाळी मीच वेल्ड केली, मागचा कॅमेरा मीच लावला, त्यामुळे ‘घरीच बसवा’ हे शब्द मला बरोबर लागले.

निम्मे पैसे आधी, निम्मे पार्सल ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला आल्यावर, असं ठरलं. पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते दुकानाचं नव्हतंच, कुठल्यातरी बाईचं होतं. मी फोन करून विचारलं तर म्हणाला शेठच्या घरच्यांचं खातं आहे, जीएसटीचं खातं बंद पडलंय. बिल मागितलं तर ‘पक्कं बिल पाहिजे तर टॅक्सचे वेगळे द्यावे लागतील, तुम्हीच बघा भाऊ’. मी पण म्हटलं कशाला, पाटा तर लोखंडाचा आहे, बिल काय करायचंय. या एका वाक्याचं मला आजपर्यंत वाईट वाटतंय.

पार्सल गोणपाटात आलं. वर नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, किंमत नाही. पॅकिंग केलेल्या मालावर बनवणाऱ्याचं किंवा पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, तक्रारीचा नंबर हे सगळं छापलेलं असावं लागतं, कायदाच आहे तसा, पण तेव्हा माझ्या डोक्यात तोही विचार नव्हता. पाटे काळेभोर, चकचकीत रंगवलेले, हाताला रंग लागत होता. नवीन वाटले.

रविवारी मेहुण्याला बोलावून बसवायला घेतले. चॅसीखाली घोड्या (लोखंडी स्टँड), ॲक्सलखाली वेगळा जॅक, सी-क्लॅम्पने पाटे दाबून धरले, मग जुना सेंटर बोल्ट काढला, नवीन पाटे आत सरकवले, लांब सेंटर बोल्ट टाकला, यू बोल्ट आवळले. दोन तास नाही, दिवस गेला. ज्यांनी हे केलेलं नाही त्यांना सांगतो, क्लॅम्प नसताना सेंटर बोल्ट ढिला करू नका, पाट्यांमध्ये एवढा ताण असतो की हात जाऊ शकतो. व्हिडिओत क्लॅम्प दाखवलाच नव्हता. शेवटी तो माणूस म्हणतो ‘एकदा बसवलं की विसरून जा’, आणि हे साफ खोटं आहे, नवीन यू बोल्ट बसवल्यावर ५०० किलोमीटरच्या आत परत आवळावेच लागतात, गाडी स्वतःच्या वजनावर चाकांवर उभी असताना, आलटून-पालटून.

गाडी मागून चांगली चार बोटं उचलली गेली. ८० कॅरेट टाकले तरी सरळ उभी. पहिले पंधरा दिवस मी खूश होतो, दोन जणांना नंबर पण दिला, त्या दोघांची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली.

मग ब्रेकचं सुरू झालं. भरलेली गाडी दाबली की पुढून टेकायची आणि मागची चाकं जणू पकडतच नव्हती, थांबायला पूर्वीपेक्षा लांब जायची. मला वाटलं ब्रेकचे लायनर गेले. लायनर बदलले, ड्रम घासून घेतले, फरक शून्य. ही गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगतोय कारण ही कुणालाच माहीत नसते. माझ्या गाडीत मागच्या ॲक्सलपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हला बारीक दांडी जाते. माल भरला की गाडी खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त प्रेशर सोडतो. गाडी रिकामी असली की प्रेशर कमी, नाहीतर मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. मी जादा पाटे टाकून गाडी वर उचलली, म्हणजे दीड टन माल असताना सुद्धा त्या व्हॉल्व्हला वाटायचं गाडी रिकामीच आहे. मागचे ब्रेक अर्धवट, आणि मी तसाच वाशी मार्केटला कसारा घाट उतरत होतो, एकदा नाही, सात वेळा. किटवाल्याला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही, कारण नंतर त्याच्याच दुसऱ्या व्हिडिओत ती दांडी तारेने वर बांधून टाकलेली दिसते.

आठव्या खेपेला घोटीच्या टोलनाक्याच्या अलीकडे मागून काहीतरी तुटल्याचा आवाज आला आणि गाडी तिरकी चालायला लागली, म्हणजे स्टेअरिंग सरळ धरलं तरी गाडी एका बाजूला जायची. कशीबशी साईडला घेतली. खाली बघतो तर डावीकडचा यू बोल्ट सुटलेला, सेंटर बोल्ट कापला गेलेला, ॲक्सल मागे सरकलेला आणि टायर घासायला लागलेलं. नवीन पाट्यातला एक बरोबर मधोमध दोन तुकडे. हे वीस-पंचवीस किलोमीटर पुढे घाटात झालं असतं तर हे लिहायला मी नसतो, माझ्या शेजारी त्या दिवशी शेतकऱ्याचा मुलगा बसला होता, कॉलेजचं पोरगं. ही गोष्ट आठवली की अजून रात्री झोप उडते.

माल दुसऱ्या गाडीत भरला, वाशीला उशिरा पोचला, बाजार उतरलेला, ती तूट मी शेतकऱ्याला भरून दिली. गाडी टो करून नाशिकला चाचांकडे. ते मला एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फक्त ग्राइंडर लावला आणि न तुटलेल्या पाट्यावरचा रंग उतरवला. खाली गंजाचे खड्डे. टोकाला वरच्या पाट्याने घासून घासून पडलेला चर, जो नव्या पाट्याला असूच शकत नाही. आणि मधल्या भोकाच्या बाजूला एक जुनं भोक वेल्डिंगने भरलेलं, म्हणजे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचा भंगारातला पाटा आणून, जुनं भोक बुजवून नवीन भोक पाडलेलं. पाट्याचं स्टील तापवून, थंड करून, परत ठरावीक तापमानाला आणून तयार करतात, त्यावर वेल्डिंगची उष्णता लागली की तेवढी जागा कडक आणि ठिसूळ होते, चीर तिथूनच सुरू होते. चाचांनी तुटलेला भाग उजेडात धरून दाखवला, अर्धा भाग काळपट-तांबूस, अर्धा चकचकीत दाणेदार. काळा भाग म्हणजे चीर जुनी, चकचकीत भाग म्हणजे त्या दिवशी तुटलेला. यू बोल्ट तर साध्या नरम लोखंडाचे निघाले, कानस सहज चावत होती, बोल्टवर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा कुठलाच आकडा नाही, आणि आटे ओढले गेलेले, म्हणून तर पकड ढिली पडली. दोन्ही बाजूच्या पाट्यांची कमान दोरी लावून मोजली तर बोटभर फरक. हे सगळं बसवायच्या आधी दहा मिनिटांत कळलं असतं, एक कानस, एक दोरी आणि रंग खरवडायला पत्री, एवढंच लागतं. मी रंग बघून नवीन समजलो.

आता पुढची फसवणूक, आणि मला ही जास्त लागली. विकणाऱ्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला तुम्ही जास्त माल भरला असेल, मग म्हणाला फिटिंग चुकलं असेल. मी आवाज चढवला तसा एकदम गोड झाला, ‘भाऊ पीस परत पाठवा, कंपनीत चेक करून पैसे किंवा नवीन सेट देतो’. मी चारही पाटे, तुकडे, यू बोल्ट, सगळं पॅक करून ९५० रुपये भाडं भरून पाठवलं. पार्सल पोचलं त्याच दिवशी त्याने मला ब्लॉक केलं. म्हणजे माझ्याकडचा पुरावा मीच माझ्या पैशाने त्याच्या घरी पोचवला. चाचांच्या टेबलाखाली एक यू बोल्ट चुकून राहिला होता, तेवढाच हातात आहे. तुटलेली वस्तू कधीच परत पाठवू नका, त्याला म्हणा माणूस पाठव आणि माझ्यासमोर बघ.

मग वकिलांकडे गेलो. त्यांनी तीन-चार गोष्टी सांगितल्या त्या तुमच्या पण कामाच्या. एक तर मला वाटत होतं गाडी धंद्याची आहे म्हणजे आपण ग्राहक नाही, तसं नाही, स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल तर २०१९ च्या ग्राहक कायद्यात तुम्ही ग्राहकच. विकणारा परराज्यातला असला तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, म्हणजे मला नाशिकला. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. ऑनलाईन पैसे गेले की १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, लगेच फोन करायचा, मी दीड महिना त्या माणसाच्या गोड बोलण्यात घालवला आणि मग केला. ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ ला, पण तक्रार नोंदवली आहे.

पण वकिलांनी माझी कमजोर बाजू पण तोंडावर सांगितली. त्या दिवशीची काट्याची पावती ७८ कॅरेटची आहे. समोरचा तीच पुढे करणार. पाटे कितीही वाढवा, आरसीवरचं वजन तेवढंच राहतं, ओव्हरलोडला दंड २० हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, आणि कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगी नसलेले बदल केले तर मोटार वाहन कायद्यात त्याचा दंड वेगळा. व्हिडिओत सिमेंटच्या गोण्या रचून तो जे दाखवतो ना, ते बेकायदेशीर काम आहे आणि त्याला माहीत आहे की असं काम करणारा माणूस पोलिसात जायला घाबरतो. त्याचा धंदा त्या भीतीवरच चाललाय. मी पण दीड महिना त्यामुळेच गप्प होतो.

गाडीला आता कंपनीचे नवीन पाटे आहेत, पक्क्या बिलासकट, चाचांनी ती दांडी मापात बसवून दिली, ब्रेक पहिल्यासारखे लागतात. सगळं धरून ३१ हजाराच्या वर गेले, ६,८०० वाचवायला गेलो होतो असं पण नाही, चाचांच्या ११ हजारातले फक्त चार हजार वाचत होते. ६० कॅरेट भरतो. दोन शेतकरी तुटले, बाकीचे थांबले.

परवा दिंडोरीकडच्या एका पोराचा फोन आला, माझ्या ओळखीतून नंबर मिळाला त्याला. तेच किट, निम्मे पैसे भरलेत, पार्सल नाशिकच्या गोडाऊनला येऊन पडलंय, आणि विकणारा उरलेल्या पैशासाठी दिवसातून चार फोन करतोय. त्याला सांगितलं एक रुपया पाठवू नको, कॉल रेकॉर्डिंग चालू ठेव, पैसे पाठवताना जे नाव आलं होतं त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेव. उद्या सकाळी मी त्याच्यासोबत गोडाऊनला जातोय. कानस, दोरी आणि पत्री गाडीत टाकून ठेवलीय, उघडून बघू दिलं तर तिथेच रंग खरवडून व्हिडिओ काढायचा आणि तिथूनच १९३० ला फोन लावायचा असं ठरलंय.