टारा टेकडी आणि लिआ फॉल: दगड शेवटी पाहावा

आयर्लंडच्या मीथ परगण्यातील टारा टेकडीवर मी लिआ फॉल पाहण्यासाठी गेलो आणि पहिली दहा मिनिटे चक्क हिरमुसलो होतो. आयर्लंडच्या पुरातन राजांचा अभिषेक-पाषाण म्हणून ज्याची ख्याती, तो दगड प्रत्यक्षात माणसाहून बराच ठेंगणा, करड्या रंगाचा, वर गोलसर होत गेलेला एक साधा खांब आहे. त्यावर कोरीव काम नाही, भोवती कुंपण नाही, पहारा नाही. आजूबाजूला मेंढ्या चरत असतात. पुढे दोन तास टेकडी पायी फिरून परत त्याच्यापाशी आलो, तेव्हा मात्र तोच दगड निराळा वाटला. म्हणून या स्थळाविषयीचे माझे पहिले मत असे की, येथे दगडापासून सुरुवात करणे ही चूक आहे.

याचे एक कारण असे की, दगड आज आहे तेथे मुळात नव्हता. पूर्वी तो ‘ओलिसांचे टेकाड’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याजवळ होता. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात याच टेकडीवर लढाई होऊन युनायटेड आयरिशमन संघटनेचे शेकडो बंडखोर मारले गेले, आणि त्यांच्या दफनभूमीची खूण म्हणून पुढे तो फोरा नावाच्या वर्तुळाकार भरावाच्या माथ्यावर हलवण्यात आला. खरा राजा त्यावर पाय ठेवील तेव्हा तो गर्जना करील, अशी आख्यायिका आहे. आपल्या आश्रितासाठी तो गरजला नाही म्हणून कू खुलन या वीराने त्याच्यावर तलवार चालवली आणि त्यानंतर तो ‘शंभर लढायांचा कॉन’ याच्या पायाखालीच पुन्हा बोलला, असेही त्या कथांत सांगितले आहे. खऱ्याखोट्याचा निवाडा करणाऱ्या या दगडावर २०२३ मध्ये कोणी तरी रंगाने ‘खोटा’ असा शब्द फवारला. त्याआधी २०१२ मध्ये त्याच्यावर हातोडीचे घाव घालण्यात आले होते आणि २०१४ मध्ये लाल-हिरवा रंग ओतण्यात आला होता. इतके होऊनही त्याला काचेत कोंडलेले नाही, हे मला आवडले. दगडाला हात लावता येतो, आणि ज्यांना लावायचा नाही त्यांनाही तो लावावासा वाटतो. स्कॉटलंडच्या राज्याभिषेकाचा स्कोनचा दगड म्हणजेच अस्सल लिआ फॉल, असे सांगणारे अनेक भेटतात. परंतु तो वालुकाश्म स्कोनच्या परिसरातीलच आहे, असे भूवैज्ञानिक तपासणीतून दिसून आल्यामुळे त्या दाव्यात फारसे बळ उरलेले नाही.

फिरण्याची सुरुवात उत्तरेकडून, ‘मेजवानीचा महाल’ म्हणवल्या जाणाऱ्या दोन समांतर बांधांमधून करावी. सुमारे दोनशे मीटर लांबीची ही जागा राजांचे भोजनगृह असावी, असे दीर्घकाळ मानले जाई. आता अभ्यासक तिला मिरवणुकीचा मार्ग समजतात. त्यातून हळूहळू चढत गेल्यावर ते का, हे न सांगता कळते, कारण दोन्ही बाजूंच्या बांधांमधून नजर आपोआप माथ्याकडेच जाते. वाटेत ‘धर्मसभांचा कोट’ लागतो. त्याचे रूप आज विस्कटलेले आहे, कारण १८९९ ते १९०२ या काळात काही ब्रिटिश मंडळींनी बायबलमधील कराराचा कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, येथेच पुरलेला आहे या समजुतीने तो खणून काढला. डग्लस हाइड, जॉर्ज मूर आणि डब्ल्यू. बी. यीट्स या आयरिश साहित्यिकांनी वृत्तपत्रात पत्र लिहून त्याचा निषेध केला होता. कोश अर्थातच सापडला नाही.

माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची वास्तू म्हणजे ओलिसांचे टेकाड. गवताने झाकलेले हे नवाश्मयुगीन थडगे इसवी सनपूर्व ३००० च्या आसपासचे, म्हणजे टाराच्या कोणत्याही राजाहून कितीतरी जुने आहे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या आरंभी उगवत्या सूर्याचे किरण त्याच्या अरुंद बोळात शिरतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या उत्खननात तेथे अनेक शतकांची दफने मिळाली. त्यांत अंबर, जेट (एक काळा, चकाकणारा खडा) आणि रंगीत मण्यांची माळ घातलेला कांस्ययुगीन तरुणही होता. दारावर लोखंडी जाळी असल्याने आत जाता येत नाही, तरी बाहेरून वाकून पाहिल्यास डाव्या बाजूचा कोरीव दगड दिसतो.

सोयींबाबत समाधान संमिश्र आहे. टेकडी वर्षभर विनामूल्य खुली असते; जुन्या चर्चमधील माहितीकेंद्र मात्र केवळ हंगामात उघडते, आणि तेथील चित्रफीत व मार्गदर्शकाची फेरी यांवाचून हे स्थळ वाचणे कठीण आहे. राथ ना री या सुमारे एक किलोमीटर परिघाच्या कोटाचा खंदक, त्याच्या आत एकमेकांना चिकटलेली दोन वर्तुळे, ही रचना आकाशातून काढलेल्या छायाचित्रात लख्ख दिसते. जमिनीवर उभे राहिल्यास तीच गवताची वर-खाली होणारी लाट वाटते. माहितीफलक त्या मानाने फारच कमी आहेत. एक मोठा, स्पष्ट नकाशा प्रवेशाशी असता तर पुष्कळांचा गोंधळ टळला असता. वारा बोचरा असतो, वाट निसरडी होते, म्हणून पावसाळी बूट आवश्यक आहेत.

पूर्वेला स्क्रीनच्या टेकडीपर्यंतचे खोरे दिसते. त्यातूनच २०१० मध्ये एम-३ महामार्ग खुला झाला, आणि त्यासाठीच्या खोदकामात लिस्मुलिन येथे प्राचीन वर्तुळाकार स्थळ सापडले. रस्ता नको म्हणणाऱ्यांचे म्हणणे फोरावर उभे राहिल्यावर मला पटले. टारा ही एकटी टेकडी नाही, हे खोरेही तिचाच भाग आहे. परतीच्या वेळी मी लिआ फॉलपाशी तिसऱ्यांदा थांबलो, आणि या वेळी घाई नव्हती.