कॉलेजचं समुपदेशन केंद्र वर्षभर वापरलं : मॅडम उत्तम, ते रजिस्टर आधी बंद करा

एप्रिलअखेर केंद्राच्या दाराला कुलूप लागलं आणि आमच्या परीक्षा मे महिन्यात. समुपदेशक मॅडमचा करार संपला, नवीन नेमणूक जुलैत होईल, एवढंच ऑफिसातून सांगितलं. तेव्हापासून हे लिहायचं होतं. मी धुळ्यात एम.एस्सी. केमिस्ट्री करते, होस्टेलला राहते, घर साक्री तालुक्यात. कॉलेजचं नाव देत नाही, कारण मला तिथूनच पदवी घ्यायची आहे आणि जे सांगतेय ते आसपासच्या बऱ्याच कॉलेजांना लागू आहे.

आधी रजिस्टरबद्दल, कारण माझा सगळा राग तिथेच आहे.

केंद्राच्या खोलीबाहेर टेबल, त्यावर लांबडं रजिस्टर. रकाने असे : अनुक्रमांक, नाव, वर्ग, मोबाईल, येण्याचे कारण, सही. आत जायचं तर आधी हे भरायचं. टेबल कॉरिडॉरमध्ये, समोर पाण्याचा कूलर, म्हणजे दिवसभर तिथे पोरं उभी. आणि आपण लिहितो त्या ओळीच्या वर आधीच्या सगळ्यांच्या ओळी उघड्या. पहिल्याच दिवशी मला माझ्याच होस्टेलच्या एका मुलीचं नाव दिसलं आणि पुढे 'घरगुती त्रास'. तिने ते मला कधीच सांगितलं नव्हतं. मला ते कळायचं काहीच कारण नव्हतं. बाकी बहुतेकांनी 'वैयक्तिक' किंवा 'करिअर मार्गदर्शन' लिहिलेलं. मीही करिअर मार्गदर्शनच लिहिलं आणि घाम फुटलेल्या हाताने सही केली.

विचारलं तर उत्तर ठरलेलं : नॅकला, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला, दाखवायला नोंद लागते. लागते, मान्य. विद्यार्थी सहाय्य हा नॅकच्या मूल्यांकनातला पाचवा निकष आहे, किती जणांनी सेवा घेतली हे दाखवावं लागतं. पण संख्या दाखवायला नाव-मोबाईल-कारण कॉरिडॉरमध्ये कशाला? एक क्रमांक आणि तारीख पुरते. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. कॉलेजचं केंद्र म्हणजे दवाखाना नाही असं एका सरांनी ऐकवलं. नसेल, पण मग रजिस्टरमध्ये दुखणं तरी का विचारता?

पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता. आतल्या मॅडममुळे मत बदललं.

माझा त्रास असा होता की प्रॅक्टिकलला ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) धरली की हात थरथरायचा, छातीत धडधड, रात्री दोन-दोनपर्यंत डोळा लागायचा नाही. कापसाचा भाव पडलेला, आबांनी माझ्या फीसाठी सोसायटीचं कर्ज वाढवलेलं, आणि नापास झाले तर काय, हे डोक्यात गरगर फिरायचं. मॅडमसमोर बसले तर प्रमाण भाषेत एक वाक्य धड जुळेना. शेवटी तोंडातून निघालं, "मना जीव घाबरस." मॅडमनी पेन खाली ठेवला आणि विचारलं, "झोप लागस का तुले?" त्या अमळनेरकडच्या निघाल्या. पुढचा अर्धा तास मी अहिराणीत बोलले, आणि माझ्या दुखण्याबद्दल इतकं सलग मी पहिल्यांदाच बोलले. सातपुड्याकडून, धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या पावरी बोली बोलणाऱ्या मुलांना ही सोय कोण देणार, हा विचार मात्र तेव्हापासून सुटलेला नाही.

मॅडमनी उपदेश केला नाही. झोपेची वेळ, चहाचे कप, धडधड कधी झाली, हे वहीत लिहायला लावलं. वही पाहून त्याच म्हणाल्या, संध्याकाळी पाचनंतर चहा बंद. धडधड सुरू झाली की श्वास चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, हे त्यांनी समोर बसून करून घेतलं. दोन महिन्यांत प्रॅक्टिकल सुधारलं. झोप तेवढी सुधारली नाही. शहरात खाजगीत चौकशी केली होती, एका बैठकीचे आठशे रुपये सांगितले. आठशेत माझी मेस किती दिवस चालते ते मला माहीत आहे. म्हणून या मोफत खोलीची किंमत मला कळते, आणि म्हणूनच तिला लावलेलं कुलूप डोक्यात जातं.

मे महिन्यात परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुन्हा सगळं उसळलं. मॅडमचा नंबर होता, पण करार संपलेल्या माणसाला रात्री फोन करणं बरं वाटेना. १४४१६ लावला, टेलिमानसचा. ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीही निवडता येते. एवढा मोठा आधार असताना आमच्या होस्टेलच्या एकाही भिंतीवर तो नंबर नव्हता, मला तो मैत्रिणीने दिला. फोनवरच्या ताईंनी घाई केली नाही. जीव द्यावासा वाटतो का, हे त्यांनी सरळ विचारलं, आणि तसं विचारल्याने मला हलकंच वाटलं. झोपेचं ऐकून त्यांनी मानसोपचार तज्ज्ञाला दाखवायला सांगितलं. समुपदेशक औषध देऊ शकत नाही, ते डॉक्टरचंच काम.

दुसऱ्या दिवशी चक्करबर्डीला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत गेले. केसपेपर काढला, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. फरक पडायला दोन-चार आठवडे लागतात, मध्येच मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी दोनदा सांगितलं. परीक्षा दिली, पास झाले. श्रावणात कानबाईच्या सणाला घरी गेले तेव्हा मायने गोळ्या पाहिल्या आणि आधी नजर काढली, मग रोज रात्री जेवणानंतर स्वतः गोळी हातावर ठेवली.

जुलैत केंद्र उघडलं. मॅडम नवीन, त्यामुळे पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. याही चांगल्या आहेत, अहिराणी समजते पण बोलत नाहीत. टेबलावर रजिस्टर नवं, रकाना तोच.

त्याच महिन्यात, २५ जुलै २०२५ ला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचाच. परीक्षेच्या काळात मुलांच्या छोट्या गटांना समुपदेशक किंवा मार्गदर्शक द्यायचा आणि ही मदत गोपनीय ठेवायची. टेलिमानससकट हेल्पलाइनचे नंबर होस्टेल, वर्ग आणि वेबसाइटवर मोठ्या अक्षरात लावायचे. मी याचा आधार घेऊन प्राचार्यांना अर्ज दिला. नंबर लागला, जिन्याजवळ, नीट दिसतो. रजिस्टरबाबत 'कमिटीपुढे ठेवू' असं उत्तर आलं.

मॅडमना पाचपैकी पाच, केंद्राला तीन. दोन मी रजिस्टर आणि कुलपासाठी कापते. जाणार असाल तर जरूर जा, मंगळवारी-शुक्रवारी अकरा ते दोन मॅडम असतात. कारणाचा रकाना कोरा सोडा, मी आता तसंच करते आणि शिपाई मामा अडवत नाहीत. या नव्या मॅडमचा करारही एप्रिलअखेरच संपतोय, म्हणून परीक्षा होईपर्यंत तो वाढवावा असा दुसरा अर्ज दिला आहे. पोच घेतली आहे, होस्टेलच्या वीस-बावीस मुलींच्या सह्या आहेत, आणखी कोणाला करायची असेल तर माझ्याकडे कागद आहे.