मॅचसाठी ६४ टी-शर्ट, आणि मरून म्हणजे मरूनच

ह्या टी-शर्ट छापणाऱ्या दुकानाला पाचपैकी साडेचार स्टार देणार होते, अर्धा देता येत नाही म्हणून पाच दिलेत. अर्धा कशासाठी कापत होते ते खाली लिहिलंय. मोठं होणारे, पण ज्यांना शाळेच्या टीमसाठी, मंडळासाठी, ट्रेकिंग ग्रुपसाठी टी-शर्ट छापून घ्यायचेत त्यांनी पूर्ण वाचा, कारण आम्ही एकदा हात पोळून घेतलेत.

तर झालं असं की उद्या आमच्या मुलांची मॅच आहे. शाळांच्या फुटबॉलचा सुब्रतो कप, १७ वर्षांखालील मुलं, पुण्यातला राउंड, सेमीफायनल. शाळांची नावं लिहीत नाही, मुलं लहान आहेत. पण समोर तीच शाळा आहे जिच्याशी गेल्या वर्षी टायब्रेकरवर हरलो होतो, पाचवी पेनल्टी पोलला लागून बाहेर आली, आणि ती मारणारा मुलगा नंतर दोन दिवस शाळेत आलाच नाही. ह्या वर्षी तो कॅप्टन आहे. ड्रॉ लागला आणि दोन्ही टीम समोरासमोर दिसल्या त्या संध्याकाळपासून आमच्या घरात, सोसायटीत, पालकांच्या ग्रुपवर दुसरा विषय नाहीये. सुब्रतो म्हणजे शाळेच्या फुटबॉलमधली केवढी मोठी गोष्ट आहे हे मला मुलामुळे कळलं, १९६० पासून चालू आहे, इथून जिंकलं की विभाग, मग राज्य, आणि मग देशपातळी. नॉकआउट असल्यामुळे उद्या जो हरला त्याचं वर्ष संपलं. दहावीतल्या मुलांचं तर शाळेचं फुटबॉलच संपलं.

ज्यांना वाटतं पुण्यात फुटबॉल कोण बघतं, त्यांच्यासाठी सांगते. इथे पुणे एफसी होती, तेव्हाच्या देशातल्या वरच्या लीगमध्ये, म्हणजे आय-लीगमध्ये, २०१२-१३ ला दुसरी आली होती. मग २०१४ ला आयएसएलची (इंडियन सुपर लीगची) एफसी पुणे सिटी आली, आम्ही बालेवाडीला मुलाला खांद्यावर बसवून घेऊन जायचो, तो तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा. २०१९ ला ती पण गेली, त्याच्याकडे तिची लहानपणची जर्सी अजून कपाटात आहे. आता आमच्यासाठी मोठी मॅच म्हणजे शाळेचीच, आणि ती बघायला आम्ही मनापासून जातो.

गेल्या वर्षी सपोर्टर टी-शर्ट ऑनलाइन एका ठिकाणाहून मागवले होते. नाव लिहीत नाही. कॉटनचे होते, वर व्हिनाइलची, म्हणजे पातळ प्लास्टिकची अक्षरं चिकटवलेली. मॅचला पाऊस आला, टी-शर्ट भिजून जड झाले, अंगाला चिकटले, आणि पहिल्याच धुण्यात अक्षरांचे कोपरे सुटले. सहाशे रुपये एकाचे. म्हणून ह्या वर्षी ठरवलं की समोर बसून, कापड हातात घेऊनच करायचं. गोलकीपरच्या आईने हे दुकान सांगितलं, तिच्या माहेरच्या मंडळाचे टी-शर्ट इथेच होतात.

दुकान छोटं आहे, पेठेतलं, मंडई मेट्रोला उतरलं की चालत सात-आठ मिनिटं. गाडी नेऊच नका, पी-१ पी-२ बघत बसायला लागतं आणि तरी जागा मिळत नाही. दुपारी एक ते चार बंद. पुढे मालक काकांचं टेबल, मागे दोन हीट प्रेस (गरम दाबून छापायची मशीन), वर माळ्यावर शिलाई. आम्ही गेलो तेव्हा गणपती महिन्यावर आले होते, म्हणजे ह्या लोकांचा खरा सीझन, एकेका मंडळाची तीनशे-चारशे नगांची ऑर्डर, गठ्ठे जिन्यापर्यंत लागलेले. मला वाटलं आपल्या ६४ टी-शर्टकडे कोण बघतंय. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "मॅच कधी?" तारीख सांगितली, त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या चौकोनात पेनाने फुटबॉल काढला. खरंच गोल काढून आत षटकोन काढले. मला तिथेच दुकान आवडलं.

दुसरा प्रश्न, "मुलं कुठल्या कलरमध्ये खेळणार?" मी म्हटलं मरून. "आणि समोरचे?" लाल. काका म्हणाले, "मग ताई, दोघांतल्या एकाला रेफरी दुसरं किट घालायला लावणार." हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मुलाला फोन केला, तो म्हणाला हो, रंग जवळचे असले की एका टीमला बदलावं लागतं, आपलं दुसरं किट पांढरं आहे. म्हणजे आम्ही सगळे मरूनमध्ये ओरडतोय आणि मुलं पांढऱ्यात पळतायत असं होऊ शकलं असतं. काकांनी उपाय काढला, टी-शर्ट मरून, पण छातीवरून आडवा जाड पांढरा पट्टा, आणि झेंडा अर्धा मरून अर्धा पांढरा. आता काहीही घातलं तरी आम्ही त्यांचेच दिसू. हा विचार गिऱ्हाइकाच्या आधी दुकानदाराने करावा, यालाच मी सर्व्हिस म्हणते.

कापड आणि प्रिंटिंगबद्दल त्यांनी नीट समजावलं, ते इथे लिहिते म्हणजे तुम्हाला पण उपयोग होईल. एकरंगी डिझाइन, नग भरपूर आणि कॉटन असेल तर स्क्रीन प्रिंट स्वस्त पडतं, पण प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते. डीटीएफ म्हणजे फिल्मवर छापून गरम दाबून चिकटवतात, कुठल्याही कापडावर चालतं, पण हाताला थर लागतो. आणि सब्लिमेशन फक्त पॉलिस्टरवर, ते पण पांढऱ्या किंवा फिकट. त्यात कागदावर छापलेली शाई साधारण दोनशे डिग्रीला वाफ होऊन धाग्यात शिरते, त्यामुळे वर थरच नसतो, सुटायचा प्रश्नच नाही. पावसाळ्यात आम्हाला तेच हवं होतं, डॉटनिट (बारीक छिद्रांचं) पॉलिस्टर, भिजलं तरी झटकलं की वाळतं. बरेच जण तयार पांढरा टी-शर्ट घेऊन त्यावर दाबतात, मग काखेत आणि शिवणीला पांढऱ्या रेषा राहतात. इथे आधी कापलेले भाग छापतात आणि मग शिवतात, वेळ जास्त जातो, पण रंग शिवणीच्या आतपर्यंत असतो. मी उलटं करून बघितलंय.

आता रंगाची गोष्ट, कारण खरी कसोटी तिथेच लागली.

मी मोबाईलवरून शाळेच्या लोगोचा फोटो पाठवला होता. पहिला सॅम्पल आला तो बघून माझ्या पोटात गोळाच आला, चक्क लालसर. म्हणजे समोरच्या टीमच्या जवळ जाणारा. हा घालून आम्ही गेलो असतो तर त्यांच्या पोरांना वाटलं असतं हे आपलेच. काकांनी सॅम्पल बघितला, वाद घातला नाही, म्हणाले, "मोबाईलवरचा रंग धरू नका, शाळेतली खरी वस्तू आणा." दुसऱ्या दिवशी मी मुलाचा टाय घेऊन गेले. त्यांनी एका पट्टीवर मरूनच्या सहा छटा छापल्या, प्रत्येकीला नंबर, आणि टाय आणि पट्टी घेऊन आम्ही दोघं दुकानाच्या बाहेर फुटपाथवर उभे राहिलो, कारण आत ट्यूबलाइटमध्ये रंग वेगळा दिसतो. आभाळ भरलेलं होतं तरी ते म्हणाले मॅचला पण असंच असणारे, ह्याच उजेडात बघा. तीन आणि चारमध्ये अडकलो. काकांनी येणाऱ्या-जाणाऱ्या दोन बायकांना विचारलं, त्यांनी पण चार म्हटलं. चार नंबर फायनल. आत्ता टी-शर्टचा गठ्ठा माझ्यासमोर आहे आणि वर तो टाय ठेवलाय, फरक शोधून सापडत नाही.

पाठीवर काय लिहायचं ह्यावर ग्रुपमध्ये तीन दिवस चाललं. मुलांनी समोरच्या शाळेला चिडवणारी एक ओळ पाठवली होती, गेल्या वर्षीचं उट्टं काढायचं होतं त्यांना. मी काकांना ती दाखवली, ते एवढंच म्हणाले, "त्यांची पण ऑर्डर माझ्याकडेच आहे. त्यांनी तुमचं नाव कुठे टाकलेलं नाही." मी चाट पडले. एकाच दुकानात दोन्ही शाळांचे टी-शर्ट! त्यांचं डिझाइन बघायची फार इच्छा झाली, विचारलं पण, काकांनी साफ नाही म्हटलं, आणि आमचं पण त्यांना दाखवलं नाही असं सांगितलं. घरी येऊन मुलाला सांगितलं, त्याने ग्रुपवर टाकलं आणि ती ओळ मुलांनी स्वतःच काढली.

शेवटी पाठीवर आलं "बारावा गडी". आमचे सासरे म्हणाले बारावा गडी म्हणजे राखीव, मैदानात पाणी घेऊन पळणारा, हे कसलं नाव. मुलगा म्हणाला आजोबा ते क्रिकेटमध्ये, फुटबॉलमध्ये अकरा आत आणि बारावा म्हणजे बाहेरून ओरडणारे आपण. सासूबाई म्हणाल्या, पाणी पण आपणच देणार आहोत की. त्यांना ४४ साइज लागला, साडीवर घालणारेत. डॉटनिटची साइज थोडी लहान येते, नेहमीपेक्षा एक नंबर वरचा घ्या.

प्रेसवरचा दादा कोल्हापूरचा निघाला. फुटबॉलची ऑर्डर म्हटल्यावर त्याचे डोळेच चमकले, शाहू स्टेडियम, आणि तिथल्या टीम, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, एकेक सांगत होता. "आमच्याकडं मॅच असली की निम्मी पेठ स्टेडियमातच असतीया." झेंड्याला शिवलेला पाइपचा खिसा ही त्याचीच आयडिया, काठीऐवजी हलका पीव्हीसी पाइप घाला म्हणजे कुणाच्या डोळ्याला लागणार नाही आणि पावसात झेंड्याचं सॅटिन पाइपला गुंडाळत नाही. घरी गॅलरीत फिरवून बघितला, शेजारच्या बिल्डिंगमधून एकाने शिट्टी मारली.

हिशोब असा, टी-शर्ट २६० रुपये नग, ६४ नगांचे १६,६४०, आणि सहा बाय चारचे दोन झेंडे ४५० प्रमाणे ९००. एकूण १७,५४०, काकांनी वरचे ४० सोडले. ॲडव्हान्स ८,००० दिला होता. बिल लगेच मिळालं, यूपीआय चालतं.

आता अर्धा स्टार. एक, फोन उचलत नाहीत. दिवसा अजिबात नाही, व्हॉट्सॲपला उत्तर रात्री अकरानंतर येतं, आणि तोपर्यंत पालकांच्या ग्रुपवर साठ जण मला विचारत असतात. दोन, काल द्यायचं कबूल केलं होतं, आज संध्याकाळी सहाला दिलं. कारण मला दिसत होतं, एका मंडळाचा गठ्ठा अडकला होता आणि रात्री दोन तास लाइट गेली होती, पण मॅचच्या आदल्या दिवसापर्यंत जीव टांगणीला लागला त्याचं काय. आणि मोजले तेव्हा ३४ साइजचे दोन कमी आणि ३६ चे दोन जास्त निघाले. काका काही न बोलता माळ्यावर गेले, पाऊण तासात दोन शिवून खाली आणले, अजून गरम होते. पैसे घेतले नाहीत. पण हा पाऊण तास आधी फोन उचलला असता तर वाचला असता, म्हणून अर्धा.

त्या पाऊण तासात मी बाकावर बसले होते आणि एक बाई आल्या, लाल गठ्ठा न्यायला. दोघींना लगेच कळलं कोण कुठली ते. त्यांचा मुलगा स्ट्रायकर, माझा लेफ्ट बॅक. म्हणजे उद्या दोघं एकमेकांच्या आजूबाजूलाच असणार. त्या म्हणाल्या, तो दोन रात्री नीट झोपला नाहीये. मी म्हटलं आमच्याकडे पण तेच, जेवताना सुद्धा पायाखाली बॉल. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक वर काढून दाखवला, छान झालाय, लाल एकदम स्वच्छ, मी आमचा दाखवला. त्यांनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि विचारलं, हा पांढरा पट्टा कशाला? मी सांगितलं, किट बदलायला लागलं तर म्हणून. त्या एकदम गप्प झाल्या आणि काकांकडे बघायला लागल्या. काका म्हणाले, "ताई, तुमचं दुसरं किट काळं आहे ना? तुमच्या टी-शर्टची कॉलर काळीच केलीये मी."

जाताना त्यांनी विचारलं, तुम्ही कुठे बसणार? मी म्हटलं पत्र्याच्या शेडखाली, पाऊस आहे. त्या म्हणाल्या, आम्ही पण तिथेच.