लॅमिंग्टन रोडला जुन्या मॅकचे कॅपॅसिटर बदलून घेतले, ५ पैकी साडेचार

घरात जुना मॅक (अ‍ॅपलचा कॉम्प्युटर), अमिगा (त्याच काळातला दुसरा एक घरगुती कॉम्प्युटर) किंवा त्या काळातलं कुठलंही मशीन पडून असेल आणि मुंबईत दाखवायचं कुणाला हा प्रश्न असेल तर हे वाचा. दुकान लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. नाव आणि नंबर इथे टाकू नका असं दुकानवाल्या काकांनीच सांगितलंय, एकटे काम करतात, जास्त मशीन आली तर झेपत नाही म्हणाले, त्यामुळे ज्यांना खरंच गरज आहे त्यांना मी मेसेजवर सांगेन.

माझं मशीन म्हणजे मॅकिन्टॉश क्लासिक, १९९० च्या ऑक्टोबरमध्ये आलेलं मॉडेल, ८ मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८०००, ९ इंची काळा-पांढरा स्क्रीन. मामाच्या छापखान्यात यावर लग्नपत्रिका आणि हँडबिलं लागायची, मग बरीच वर्षं ते माळ्यावर होतं. आता चालू केलं की स्क्रीनभर नुसते काळे-पांढरे चौकोन, आणि सुरुवातीचा तो 'टिंग' आवाज अजिबात नाही. मॅकवाल्यांना हे लक्षण लगेच कळेल, कॅपॅसिटर (बोर्डवरचे वीज साठवणारे छोटे पार्ट) गेले.

आपल्याकडे कॅपॅसिटर गेला म्हणजे डोकं फुगलेला दिसणार असा समज आहे, कारण २००० नंतरच्या पीसी मदरबोर्डवर सगळ्यांनी तसेच पाहिलेत. या जुन्या बोर्डांवरचं प्रकरण वेगळं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोर्डच्या पृष्ठभागावर चिकटवायचे छोटे अ‍ॅल्युमिनियमचे डबे आले, ते वरून अजूनही चकचकीत दिसतात पण बुडाच्या रबरी सीलमधून आतला द्रव झिरपतो, आणि तो बोर्डवर पसरून तांब्याचे ट्रॅक, चिपचे पाय, आरपार जाणारी बारीक भोकं सगळं खात बसतो. मशीन बंद असलं तरी हे चालूच राहतं, म्हणून 'वापरतच नाही तर खराब कसं होईल' याला काही अर्थ नाही. त्यामुळे कॅपॅसिटर बदलणं हे अर्धंच काम आहे, खरं काम सांडलेला द्रव धुणं आणि खाल्लेले ट्रॅक शोधणं हे आहे, आणि याच कामासाठी मी हे दुकान सुचवतोय.

आधी एका दुसऱ्या ठिकाणी विचारलं होतं, तिथे म्हणाले अर्ध्या तासात नवीन लावून देतो, धुवायचं काय ते आम्ही करत नाही. मी मशीन परत घेऊन आलो. काकांनी मात्र मागचं कव्हर उघडलं (त्याला लांब दांड्याचा टी-१५ टॉर्क्स लागतो, हँडलच्या आतले स्क्रू साध्या पेचकसाने पोचत नाहीत), पिक्चर ट्यूबचा चार्ज अर्थला जोडलेल्या स्क्रूड्रायव्हरने उतरवला आणि मगच आत हात घातला, ते बघूनच मी निर्धास्त झालो.

मला शेजारी बसू दिलं म्हणून सांगू शकतो. पहिल्यांदा बोर्डचे फोटो काढले, कुठल्या कॅपॅसिटरची कुठली बाजू निगेटिव्ह ते टिपण्यासाठी. मग दोन सोल्डरिंग गन दोन्ही पायांना एकदम लावून प्रत्येक डबा अलगद उचलला. यूट्यूबवर पक्कडीत धरून पिळून काढतात ना, ते काका करत नाहीत, कारण ट्रॅक आधीच कमजोर असेल तर पॅड (पाय सोल्डर होतो ती तांब्याची टिकली) उपटून येतो. गरम झाल्यावर त्या द्रवाचा सुकटीसारखा उग्र वास सुटला, काका म्हणाले, "अहो, हाच वास आला की समजायचं धुवायचं काम मोठंय." मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घासून घासून बोर्ड धुतला, वाळवला, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक ट्रॅक मल्टीमीटरने तपासत गेले. साउंडच्या भागातल्या एका पॅडपासून मल्टीमीटरचा बीप येईना, म्हणजे जोड तुटलेला, वरून ट्रॅक हिरवा आणि अखंड दिसत होता पण वरचा हिरवा थर (मास्क) खरवडला तर खाली तांबं काळं पडून तुटलेलं. तिथे केसाएवढी इनॅमल वायर टाकली. नुसते नवीन कॅपॅसिटर लावले असते तर आवाज आलाच नसता.

पार्ट्सबद्दल पण बोलतो कारण ग्रुपवर यावरून भांडणं होतात. लॉजिक बोर्डवरच्या (मुख्य बोर्ड) ४७ मायक्रोफॅरडच्या डब्यांच्या जागी त्यांनी टँटॅलम जातीचे कॅपॅसिटर लावले, त्यात झिरपायला द्रवच नाही. पण टँटॅलम जास्त व्होल्टेजला शॉर्ट होऊन जळू शकतो म्हणून ५ व्होल्टच्या लाइनवर १६ व्होल्ट सोसणारा आणि १२ च्या लाइनवर २५ चा, हा हिशोब त्यांनी न विचारता केला. अजून एक, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यावरची काळी खूण निगेटिव्ह दाखवते आणि टँटॅलमवरची पट्टी पॉझिटिव्ह, घरी करणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवा. अ‍ॅनालॉग बोर्डवर (वीजपुरवठा आणि स्क्रीनचा बोर्ड) १०५ डिग्रीपर्यंत चालणारे चांगल्या कंपनीचे इलेक्ट्रोलिटिकच, म्हणजे द्रववाल्या जातीचेच, लावले. तो बोर्ड वगळू नका, माझी ५ व्होल्टची लाइन ४.७ वर बसली होती, बदलल्यावर ५ च्या वर आली.

अर्धा मार्क का कापला तर फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊन विचारावं लागतं, आणि कुठे काय लावलं याची लेखी यादी मिळत नाही, मला हवी होती. वेळ दोन-तीन आठवडे धरून चला. साडेतीन हजार झाले, पार्ट धरून. या कामाला मला ते अजिबात जास्त वाटत नाही. कुरियरने पाठवलेलं मशीन घेत नाहीत, पिक्चर ट्यूबची मान प्रवासात तुटते म्हणून, ते बरोबरच आहे. पुण्या-नाशिकवाल्यांनी फक्त बोर्ड काढून आणले तरी चालतात, पण ट्यूब डिस्चार्ज करता येत नसेल तर कव्हर उघडू नका, आख्खं मशीन गाडीत घालून आणा.

घेताना तिथेच चालू करून बघितलं. क्लासिकच्या रॉममध्येच (बोर्डवरची कायमची मेमरी) सिस्टिम ६.०.३ ही ऑपरेटिंग सिस्टिम भरलेली आहे, चालू करताना कमांड, ऑप्शन, एक्स आणि ओ या कळा दाबून धरल्या की हार्ड डिस्क नसतानाही बूट होतं. टिंग झालं, चौकोन गेले, मेनू आला. मामाला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला, "अरे याच्यावर तुझ्या मुंजीची पत्रिका केलेली," म्हणाला.

लगेच जायला जमत नसेल तर निदान आत जी ३.६ व्होल्टची अर्ध्या पेन्सिल सेलएवढी लिथियम बॅटरी असते ती तरी जाणत्या माणसाकडून काढून घ्या. ती फुटली तर ट्रॅकच काय, आतली लोखंडी चौकटसुद्धा गंजून जाते आणि असा बोर्ड काकाही घेत नाहीत.