इंस्टाग्रामचे ‘टीन अकाउंट’ : वापरून आणि वाचून झालेले मत

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात सुरू झालेली इंस्टाग्रामची ‘टीन अकाउंट’ ही किशोरवयीनांसाठीची सोय मी माझ्या भाचीच्या शेजारी बसून, तिच्याच फोनवर समजून घेतली. खाते आपोआप खासगी होते, अनोळखी व्यक्तींच्या मेसेजवर बंधन येते, रात्री १० ते सकाळी ७ या वेळेत नोटिफिकेशन बंद राहतात आणि दिवसभरात ६० मिनिटे झाली की थांबण्याची सूचना येते. सोळा वर्षांखालील मुलांना यातले काही सैल करायचे असल्यास पालकांची परवानगी लागते. पूर्वी जी सेटिंग्ज पालकांना शोधत बसावी लागत, ती आता मुळातच लावलेली मिळतात, आणि याचे श्रेय कंपनीला द्यायलाच हवे.

मात्र अशी सोय खरोखर काम करते की नाही, हे घरी बसून पारखता येत नाही, त्यामुळे ज्यांनी हे काम आतून पाहिले त्यांचे म्हणणे मला कंपनीच्या घोषणेहून मोलाचे वाटते. आर्तुरो बेहार २००९ ते २०१५ या काळात फेसबुकमध्ये अभियांत्रिकी संचालक होते आणि पुढे इंस्टाग्रामचे सल्लागार म्हणून परतले. तेव्हाच्या अंतर्गत पाहणीत १३ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १३ टक्के मुलांनी, आदल्या सात दिवसांत आपल्याशी कोणीतरी नकोशी लैंगिक सलगी केल्याचे सांगितले होते. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगन यांनी कंपनीविरुद्ध अमेरिकी सिनेटपुढे साक्ष दिली त्याच दिवशी, म्हणजे ५ ऑक्टोबर २०२१ रोजी, बेहार यांनी हे आकडे मार्क झुकरबर्ग यांना ईमेलने कळवले. परिणाम दिसला नाही, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये तेही सिनेटच्या उपसमितीपुढे उभे राहिले. अशा सलगीची तक्रार मुलांना सहज करता यावी, एवढी साधी मागणी त्यांनी तेथे मांडली.

सप्टेंबर २०२५ मध्ये बेहार आणि विद्यापीठीय संशोधकांनी किशोरवयीनांसाठीच्या ४७ सुरक्षा सुविधा तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ३० एकतर निष्प्रभ ठरल्या किंवा अस्तित्वातच उरल्या नव्हत्या. पूर्णपणे उपयोगी ठरल्या त्या केवळ ८. इंस्टाग्राम आणि फेसबुक यांची मालक कंपनी मेटा हिने या तपासणीचा अहवाल दिशाभूल करणारा असल्याचे म्हटले आहे. तरीही स्वतंत्र तपासणीपुढे टिकलेल्या सुविधांची संख्या इतकी कमी असताना मी या सोयीला पूर्ण गुण देऊ शकत नाही.

आपल्याकडे असा कोणी आतला माणूस बोलू पाहील, तर त्याच्या पाठीशी कायदा नाही, याची मला अधिक चिंता वाटते. जागल्यांच्या, म्हणजे आतले गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या, संरक्षणासाठी २०१४ मध्ये संमत झालेला कायदा मुळात लोकसेवकांविरुद्धच्या तक्रारींपुरता आहे, आणि तोही अद्याप अंमलात आलेला नाही.

ज्या घरात मुलांच्या हाती इंस्टाग्राम आहे, तेथे टीन अकाउंट चालूच ठेवावे. भाचीचे खाते मी तसेच ठेवले आहे. शिवाय दर रविवारी तिला बेहार यांच्या पाहणीतला तोच प्रश्न साध्या शब्दांत विचारते, की या सात दिवसांत कोणी तुला नकोसे वाटेल असे काही पाठवले का.