कम्युनिटी स्कोअरकार्ड: पाचपैकी चार स्टार, पण समोरासमोरची बैठक होणार असेल तरच

लोकांनी आपल्या दवाखान्याला, शाळेला, पाणीयोजनेला स्वतः मार्क द्यायचे, अशी ही पद्धत. केअर या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेने 2002 मध्ये आफ्रिकेतल्या मलावीत सुरू केली, आता बऱ्याच देशांत चालते. मी वापरलीये आणि मनापासून आवडलीये.

खरी ताकद मार्कांत नाहीच, त्याआधी जी यादी बनते ना त्यात आहे. एका रकान्यात नियमाने काय मिळायला हवं, म्हणजे नर्स किती, कोणती औषधं फुकट, दवाखाना किती वाजता उघडायचा, आणि शेजारी प्रत्यक्षात काय मिळतंय ते. गरीब माणूस बऱ्याचदा गप्प बसतो कारण हे आपल्या हक्काचं आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, मिळालं तर उपकार असंच वाटत असतं, त्यामुळे ती यादी मोठ्याने वाचली की बैठकीचा सूरच बदलतो. आणि बायकांचा गट वेगळा बसवाच प्लीज, नाहीतर चार वजनदार माणसं बोलणार आणि तेच सगळ्यांचं मत म्हणून लिहिलं जाणार.

मग कर्मचारीही स्वतःला मार्क देतात, हे मला फार पटलं. कधीकधी तिथेच कळतं की नर्स कामचुकार नाहीये, एकटी तिघींचं काम ओढतेय आणि औषधं वरूनच येत नाहीयेत. त्यानंतर दोन्ही बाजू समोरासमोर बसतात, कोण काय करणार आणि कधीपर्यंत ते सगळ्यांदेखत लिहितात. हीच बैठक गाळून नुसते मार्क गोळा करून रिपोर्ट छापणार असाल तर कृपया लोकांचा दिवस वाया घालवू नका, त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते.

एक स्टार का कापला? युगांडात 50 दवाखान्यांच्या भागात असाच प्रयोग झाला होता, 2009 मध्ये छापलेल्या अभ्यासात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 33 टक्क्यांनी घटल्याचं आलं. पण नंतर युगांडातच 376 आरोग्य केंद्रांवर मोठा अभ्यास झाला, त्यात उपचार थोडे सुधारले, मृत्यूंमध्ये मात्र फरक दिसला नाही. मला वाटतं पैसा आणि औषधखरेदी वरच्या ऑफिसात ठरते तोवर गावाने कितीही मार्क दिले तरी एका हद्दीपर्यंतच काम होणार, म्हणून बजेटवर सही करणारा अधिकारी बैठकीला हवाच. आणि सहा महिन्यांनी दुसरी फेरी कोण घेणार, खर्च कोण करणार, हे पहिल्याच दिवशी स्कोअरकार्ड राबवणाऱ्या संस्थेकडून लिहून घ्या.